तेहतीस फुटांची एरियल

लेकीचं गाणं सहा वाजता रेडिओवर लागणार होतं आणि आमच्या बोरीतल्या घरात नुसती खरखर चालली होती. पंपाच्या जळक्या मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेची एरियल मी पुस्तकाबरहुकूम तेहतीस फूट ताणली होती. चारदा मोजली, इंचाचाही फरक नव्हता.

रस्त्यानं चाललेला एक स्टोव्ह दुरुस्त करणारा खरखर ऐकून न बोलावता आत आला. त्यानं तारेच्या टोकावर नख घासलं आणि ते हुंगलं.

"सायेब, मोजमाप लय झालं. वरचं रोगण कुनी खरडायचं?"

ब्लेडनं टोक लख्ख करून त्यानं ते रेडिओला जोडलं. लेक खणखणीत ऐकू आली. अंतऱ्याला तिचा सूर घसरला.

"हे तारंचं न्हाई बरं का," म्हणत त्यानं पिशवी उचलली.

दोन्ही वेळा त्याचंच बरोबर होतं. म्हणून मी त्याला चहा विचारला नाही.