मेथ्यांच्या डब्यातली चावी

आमच्या अमरावतीच्या घरात आजवर बऱ्याच देशांतले लोक चोरी करून गेले आहेत, आणि कपाटाची चावी कुठे असते हे त्या प्रत्येकाला मीच सांगितलेलं आहे. तेही लाल शाईने, खाली रेघ ओढून.

श्रेयस, रमा, ही हकीकत तुम्हाला फोनवर अर्धी कळली आहे. ती तुमच्या आजोबांनी सांगितल्यामुळे तेवढीही चुकीची असणार. म्हणून क्रमाने लिहिते.

अकोल्याचे सुधाकर आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, सरकारी नोकरीत धरणांचे नकाशे काढत. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, नाहीतर गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊन येतात. भावजींनी चोऱ्या सुरू केल्या. (संगणकावर.) एक जुना खेळ आहे. त्यात आपण चोर असतो. अंधारातून, पाऊल न वाजवता, पहारेकऱ्याची नजर चुकवून लोकांच्या घरात शिरायचं. खेळ काढणारी कंपनी त्याला केव्हाच विसरली, पण खेळणारे विसरायला तयार नाहीत. तेच आता चोरी करण्याजोगी नवी घरं रचतात, एकमेकांना फुकट देतात आणि इंटरनेटवरच्या आपल्या मंडळात त्यावर तावातावाने चर्चा करतात. अशा एका घराला मिशन म्हणतात.

या खेळात चोराला घरभर चिठ्ठ्या, पत्रं, डायऱ्या सापडतात. त्या वाचून त्याला चावीचा पत्ता लागतो. भावजींनी आपल्या पहिल्या मिशनमधला तो सगळा इंग्रजी मजकूर माझ्याकडे तपासायला पाठवला. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई मी. लाल पेन काढलं.

दुसऱ्याच पानावर मी थबकले. स्वयंपाकघरातून तीन पायऱ्या उतरून मागचं अंगण. जिन्याखाली लोखंडी कपाट. मी अकोल्याला फोन लावला.

“भावजी, हे आमचं घर आहे का?”

“मंग कोनाचं काढू, वहिनी? मोजल्याबिगर मी रेघ मारत नाई. तुमचा वरचा मजला बांधला तवा सारं घर मीच तं मोजलं होतं.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आपलं घर चोरी करण्याच्या लायकीचं आहे, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

पुढे मालकिणीच्या डायरीत एक वाक्य आलं: कपाटाची चावी भिंतीवरच्या घड्याळामागे आहे. आता ही धडधडीत चूक. आमच्या घड्याळामागे पाल राहते. मी ते वाक्य खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, की चावी फडताळाच्या दुसऱ्या फळीवर, ‘मेथ्या’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या डब्यात, मेथ्यांच्या तळाशी आहे. चूक दिसल्यावर ती तशीच सोडून पुढे जाणं मला कधी जमलं नाही.

श्रावणात मिशन मंडळापुढे आलं. लोकांना आवडलं. रोज संध्याकाळी भावजी मला फोनवर अभिप्राय वाचून दाखवायचे. मीही त्या लोकांच्या प्रेमात पडले. त्यांच्यातले काहीजण म्हणे घरात शिरून हवं ते घेतात आणि जाताना प्रत्येक दार लोटून, प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवून जातात. जगात इतकी शिस्त शिल्लक आहे, हे मला माहीत नव्हतं. तक्रार एकच होती: पहारेकरी आरामखुर्चीत सारखा झोपलेला असतो, त्यामुळे मिशन फार सोपं झालं आहे. तो पहारेकरी कोणावरून घेतला ते सांगायला नको. तुमचे आजोबा दोन दिवस भावजींशी बोलले नाहीत.

मग एके दिवशी भावजी आनंदाने म्हणाले, “वहिनी, पोलंडची एक दाताची डाक्टरीन हाय. तिनं तुमच्या घराची पूर्ण वाट लिहून टाकली. मागच्या दारापासून मेथीच्या डब्यापर्यंत, पायरी-पायरीनं.”

मी आधी उठून मागच्या दाराची कडी लावली.

“पण गावाचं नाव तर नाही ना घातलं तुम्ही?”

“छे. फक्त दारावर पाटी हाय.”

“कसली पाटी?”

“तुमचीच. फोटो काढून लावली. लय खरी वाटते.”

आपल्या पाटीवर आडनाव आहे, घराचं नाव आहे आणि कॉलनीचंही आहे. आणि त्या कपाटात महालक्ष्म्यांचे मुखवटे आहेत. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून आलेले, चांदीचे. सासूबाईंनी ते माझ्या हातात दिले तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “हे गेले तर मले तोंड दाखवू नको.” आज त्या नाहीत, पण धाक आहे.

महालक्ष्म्या पंधरा दिवसांवर होत्या. माझी झोप उडाली. वीजमीटर वाचायला आलेला माणूस न विचारता थेट जिन्याखाली गेला, तेव्हा मी त्याच्या मागोमाग गेले.

“तुम्हाला मीटर इथे आहे हे कसं माहीत?” मी विचारलं.

“तो बारा वर्षांपासून येतो आहे,” आजोबा आरामखुर्चीतून म्हणाले. डोळे मिटलेलेच.

मी चावी हलवली. मेथ्यांतून पोह्यांत, पोह्यांतून उशीच्या खोळीत. मग वाटलं, हे तर कोणीही शोधेल. शेवटी एक अशी जागा सुचली की मी स्वतःवरच खूश झाले. विसरायला नको म्हणून ती जागा वहीत तारखेसकट लिहिली. मग वाटलं, वही चोराच्या हाती लागली तर? म्हणून वही कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी त्या जागी नेऊन ठेवली.

आवाहनाच्या दिवशी सकाळी अकोल्याची मंडळी आली. मुहूर्त साडेचारपर्यंत होता. मखर झालं, साड्या काढल्या, आंबिलीची ज्वारी भिजली. एक वाजता मी मुखवटे काढायला उठले आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले. डोक्यात काहीही नव्हतं. स्वच्छ पुसलेला फळा.

माझी जाऊ निर्मला फुलवाती करत होती. “काय झालं, ताई?”

“चावी कुठे ठेवली ते आठवत नाही.”

“लिहून ठेवलं असन ना तुमी. तुमी तं दुधाच्या पिशव्याही लिहिता.”

“लिहिलंय. वहीत.”

“मंग आना वही.”

“वही कपाटात आहे.”

मग आजोबांनी विचारलं, “कोणत्या कपाटात?” मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

त्यानंतर घराची जी अवस्था झाली, ती पाहून खरा चोर हळहळला असता. एकोणतीस डबे रिकामे झाले. गाद्या उलथल्या. घड्याळामागची पाल बेघर झाली. चावीवाल्याला फोन केला, तर त्याच्याही घरी महालक्ष्म्या. उद्याच्या जेवणानंतर येतो म्हणाला. भावजी म्हणाले, वेल्डिंगवाल्याला बोलावून कपाट कापू. मी म्हणाले, आत चांदी आहे, तिचं पाणी होईल.

निर्मला फुलवाती वळता वळता शांतपणे म्हणाली, “ताई, तुमी चावी चोरापासून लपवली, का देवीपासून?”

दोन वाजले. मला सासूबाई दिसायला लागल्या. मी खाली बसले. तेव्हा भावजींनी खिशातून फोन काढला.

“मंडळाले विचारतो.”

“चोरांना विचारणार?”

“मंग कोनाले विचारू? हे घर त्याहिले तुमच्यापेक्षा जास्त मालूम हाय. काही लोक तं दहा-दहा वेळा येऊन गेले.”

विरोध करायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्यांनी लिहिलं: या घराच्या खऱ्या मालकिणीने खरी चावी लपवली आहे आणि ती विसरली आहे, अडीच तास उरले आहेत, मदत करा. तिकडे सकाळ होती. दहा मिनिटांत उत्तरं यायला लागली. फिनलंडच्या एका गृहस्थांनी विचारलं, “पहारेकरी जागा आहे का?” (नव्हता.) आणि मग पोलंडच्या डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. भावजींनी ते वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

बाईंनी लिहिलं होतं: “घरातल्या प्रत्येक पत्रावर लाल शाईच्या दुरुस्त्या आहेत. ही बाई आपली सगळ्यात मौल्यवान वस्तू लाल पेनांजवळ ठेवेल. तिथे हात घालायची घरात कोणाची हिंमत नसणार.”

भावजींनी माझे तपासलेले कागद जसेच्या तसे, लाल शाईसकट, खेळात चिकटवले होते. मला सांगितलंही नव्हतं. “तुमचं अक्षर लय भारी दिसते,” ते पुटपुटले.

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. त्यावर माझी लाल पेनांची पत्र्याची कंपास पेटी होती. सकाळपासून घरातली प्रत्येक वस्तू उलटीपालटी झाली होती. ती पेटी तेवढी कोणी हलवलीसुद्धा नव्हती. मी झाकण उघडलं. रिफिलांच्या खाली चावी होती.

साडेतीनला महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासमोर बराच वेळ हात जोडले, आणि मग डॉक्टरीणबाईंना आभाराचं पत्र लिहिलं. (त्यांच्या उत्तरात एक शब्दयोगी अव्यय चुकलं होतं. तेही कळवलं. त्यांनी राग मानला नाही.)

आता पुढचं नीट लक्षात ठेवा. मुखवटे पुढे तुमच्याकडेच येणार, म्हणून फक्त तुम्हां दोघांना सांगते: चावी आता शिवणयंत्राच्या डाव्या खणात, पांढऱ्या दोऱ्याच्या रिळांखाली असते. वाचून झालं की हा कागद फाडून टाका.

हाताने लिहिलेलं मराठी तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून इथवरचा मजकूर टाइप करायला काल अकोल्याला भावजींकडे पाठवला होता. आत्ताच भावजींचा फोन येऊन गेला. ते दुसरं मिशन रचताहेत.

“वहिनी,” त्यांनी विचारलं, “मशीनच्या उजव्या खनात दाखवू ना चावी?”

“उजव्या नाही, डाव्या,” मी म्हणाले. “नीट वाचत जा.”