धनुबाईची न्हाणी

धनुबाईला आयुष्यात फार काही नको होतं. सोनं नको, माडी नको. अंगणाच्या कोपऱ्यात चार भिंतींची एक न्हाणी हवी होती. माणसानं बसून, दोन तांबे जास्त घेऊन, निवांत आंघोळ करावी, बस्स. पण तिची जीभ होती ना, ती तिच्या आधी उठायची!

घर तळ्याच्या अगदी काठाला. मागे पाणी, डाव्या हाताला जसोदाबाईच्या घराची भिंत, उजव्या हाताला गावदरा, म्हणजे गावाची सामाईक मोकळी जागा, पुढे अंगण. अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड बांधून आडोसा केलेला होता, तीच न्हाणी. नवरा भटू दर दिवाळीला म्हणायचा, "औंदा पक्की भिंत घालसू." दिवाळी यायची, जायची. भटू तसाच.

एकतीस साली खांडबाऱ्याच्या गाडीनं सरकारी ओव्हरसियर आला. तळ्याच्या काठानं दगड रोवले आणि दवंडी दिली, की दगडापासून वीस हातांत कुणी नवी भिंत घालायची नाही, सांडपाणी तळ्यात सोडायचं नाही. आणि गावाची पाण्यावर जायची जी वाट असेल ती आठ हात रुंद, बारा महिने सगळ्यांना मोकळी.

"वाट कुठून आहे?" त्यानं नकाशा उलगडून विचारलं.

खरं तर वाटा दोन होत्या, एक जसोदाबाईच्या दारावरून, एक धनुबाईच्या. पुरुष डोकी खाजवत उभे. तेवढ्यात धनुबाई पदर खोचून पुढे!

"साहेब, वाट कोनती इचारतस? श्रावणमा गावनी कानबाई तळामा शिरावाले जास ना, ती मन्हा आंगनमाईन जास! मन्ही सासूना येळपासून!"

विसर्जनाला कानबाई देवी डोक्यावर घेऊन बाया नाचत येतात, सारवलेल्या अंगणात टेकतात, नारळ फुटतो, त्याचा केवढा मान! जसोदाबाईचं तोंड कसं झालं ते बघायला धनुबाई वळली आणि ओव्हरसियरनं तिच्या अंगणावरून लाल रेघ ओढली.

आठ हात म्हणजे सगळं अंगण. आठ दिवसांत कूड उपटला गेला. मागे बांधावं तर सरकारी दगड, डावीकडे जसोदाबाई, उजवीकडे गावाची जागा. उरलं घर.

मग बाई चुलीपाशी बसून आंघोळ करू लागली. पाणी उंबऱ्याखालून बाहेर, जमीन कायम ओली. दार लावलं तर धुरानं डोळे जायचे, उघडलं तर अंगणातून हिंमतराव पाटलाच्या म्हशी जायच्या आणि मागोमाग हिंमतराव. "काय धनुबाई, कथा बशेल शे?" असं, कुठं बसलीस म्हणून, विचारायचा मेला, आणि ही ओल्या लुगड्यात दारामागे भिंतीला चिकटून उभी. सकाळी धुणी, दुपारी ढोरं, संध्याकाळी घागरी. स्वतःच्या घरात तिला श्वास घ्यायला मुहूर्त शोधावा लागे.

तीन वर्षं काढली. मग दगड तपासायला ओव्हरसियर पुन्हा आला, तेव्हा ती चावडीवर गेली. यावेळी पदर डोक्यावर, आवाज खाली.

तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, वाट बदलता येते. दुसरी वाट आहे ना? पण पंचांसमोर सांगा, की कानबाई तुमच्या अंगणातून जात नाही. अंगठा द्या, रेघ पुसतो."

शाईत अंगठा बुडाला. समोर कागद. धनुबाईच्या डोळ्यांपुढं न्हाणी उभी राहिली, चार भिंती, एक गुळगुळीत दगड, वर आभाळ.

"दी टाक वं माय," जसोदाबाई बायकांतून गोड आवाजात म्हणाली. "कानबाईले मी मन्हा आंगनमाईन ली जासू. रांगोळ्या टाकसू. तू आरामशीर आंघोळ कर."

अंगठा कागदापासून बोटभर वर थांबला.

"कोन म्हनस?" धनुबाई कडाडली. "मन्हा आंगनमाईनच जास! तुन्हा आंगनमा काय, कोंबड्यास्नी घान!"

भटूनं कपाळ धरलं. ओव्हरसियरनं नकाशा गुंडाळला. धनुबाईनं अंगठा लुगड्याला पुसला तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. जाणार कसा? चोळून धुवायला निवांत जागा कुठे होती?

त्या श्रावणात कानबाई आली. ढोल, फुगड्या, नारळ, सगळा मान झाला. धनुबाईनं पायांवर डोकं ठेवलं आणि हळूच कुरकुरली, "माय, तू वरीसमा एक डाव येस. ह्या म्हशी रोज येतस."

बाया पाण्याकडे गेल्या. ती आत आली, दाराला कडी घातली, चुलीपाशी तांब्या घेऊन बसली. पहिला तांब्या अंगावर ओतला, तेवढ्यात कडी वाजली.

"धनुबाई, जरा सरक वं," बाहेरून जसोदाबाईचा आवाज. "तुन्हं पानी उंबराखालतून वाटवर येस. सरकारनी वाट शे!"