गुडघ्यावरची बोटं

दुपारच्या खेळाला एकटीच गेले होते. आमच्या तळमजल्यावर राहायचा तो रॅपर मुलगा पडद्यावर हिरोचा भाऊ झाला होता. आई गेल्याचा प्रसंग. तो गप्प बसला होता, पण त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर असाच ठेका धरून तो रॅप म्हणायचा. मी खिडकीतून ओरडायचे, "अरे, आवाज कमी कर!"

"काकू, दोनच मिनिटं!" म्हणायचा आणि तासभर चालायचं.

आता काम नवं, घर नवं. बोटांना मात्र ते कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन जेवायला बसले. बघते तर माझी बोटं ताटाच्या कडेवर तोच ठेका वाजवत होती. बराच वेळ वाजवत राहिले. आवाज कमी कर, असं कोणी म्हणालं नाही.