हवा मोजणारी तार

आमच्या गाडीच्या इंजिनातलं नाजूक काम माझी बायको करायची. हे सांगितलं की लोक हसायचे, म्हणून पुढे पुढे मी सांगायचंच सोडलं.

दोन हजार तीनच्या सुमाराला मी होडीवरचं काम सोडून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. आमच्या गावात, तोंडवलीला, तेव्हा पर्यटक यायला लागले होते. त्यांना मालवणला फिरवायचं, कुडाळ स्टेशनवर सोडायचं, असा धंदा. होडीचं डिझेल इंजिन मला आवाजावरून कळायचं. ही गाडी वेगळी. हिच्या इंजिनावर जागोजागी सेन्सर, त्यांना वायरी, वायरींना प्लग. समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला की मी गाडी बाजूला घेऊन बंद करायचो. आणि तो वारंवार लागायचा, कारण घर समुद्राला लागून. खाऱ्या हवेने प्लगमधल्या पिना दोन महिन्यांत हिरव्या पडायच्या.

जवळच्या कट्टा गावात ओळखीचा मेकॅनिक होता. त्याने एकदा घरी येऊन सगळं उघडून दाखवलं. सगळ्यात जपायचा तो हवेच्या पाइपातला सेन्सर. इंजिनात हवा किती जाते ते तो मोजतो. आत केसासारखी बारीक तार. तिच्यावर धूळ बसली की गाडी धक्के खाते, चढणीला दम सोडते. मी स्क्रू फिरवायला गेलो आणि पहिलाच स्क्रू हातातून निसटून खाली इंजिनात कुठेतरी गेला.

दारात उभी राहून बायको बघत होती. पदर खोचून पुढे आली. म्हणाली, "बाजूक सरा. तुमची बोटां दोर ओढूची."

ती मिठबावची. लहानपणापासून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोललेली. तिचा हात चालताना बोटं दिसायची नाहीत, फक्त सोललेल्या सुंगटांचा ढीग वाढताना दिसायचा. तो पडलेला स्क्रूही तिनेच दोन बोटं आत घालून, न बघता, चाचपून काढला. मेकॅनिक म्हणाला, "वैनी, तुमी माझ्याकडे कामाक येवा."

तेव्हापासून ते काम तिचं झालं. महिन्यातून एका रविवारी सकाळी मी बॅटरीची वायर सोडवायचो, एवढाच माझा वाटा. ती सेन्सर बाहेर काढायची. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतो तो लगेच उडून जाणारा स्प्रे वीतभर अंतरावरून तारेवर मारायची. फडकं नाही, ब्रश नाही, फुंकरसुद्धा नाही. मग सेन्सर पडवीत वर्तमानपत्रावर सुकत ठेवायची आणि तेवढ्या वेळात जुन्या टूथब्रशने प्लगच्या पिना घासून चकचकीत करायची. सगळं परत बसवलं की ती स्वतः सीटवर बसून किल्ली फिरवायची. तिला गाडी चालवता येत नव्हती. पण इंजिन एका सुरात लागलं की माझ्याकडे अशी बघायची, जसं काही तिनेच ते घडवलंय.

तीन वर्षांनी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन गोव्यात झालं, आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध घ्यायला गोव्याला जायचं ठरलं. आमचीच गाडी होती, ते बरं होतं. मागची सीट तिच्यासाठी; उशी, चादर, पाण्याची बाटली, प्लास्टिकच्या पिशव्या. उलटी आली की मी गाडी बाजूला घ्यायचो. ती म्हणायची, "होया तेव्हा गाडी थांबता, ह्या बरा."

चौथ्या खेपेनंतर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. पोलक्याची बटणं लागेनात. माशाचा काटा बोटाला लागेना, तोंडात गेल्यावर कळायचा. एकदा चुलीवरचा टोप उघड्या हाताने उतरवला आणि फोड आल्यावर बघितलं. नर्सला विचारलं तेव्हा ती म्हणाली, औषधाने असं होतं, कधी जातं, कधी राहतं. बायको परतताना सगळ्या वाटेने अंगठ्याने एकेक बोट दाबून बघत होती.

सहाव्या खेपेच्या आदल्या दिवशी गाडी चढणीला अडायला लागली, दिवा लागला. मी ठरवलं, दुपारी आल्यावर स्वतःच बघू. बाजारातून परत आलो तर बॉनेट उघडं. ती गाडीजवळ खाली बसलेली. समोर वर्तमानपत्र, त्यावर सेन्सर, आणि ती त्याच्याकडे बघत बसलेली. स्प्रेला लावलेली बारीक नळी वीतभर लांब राहिली नव्हती, ती आत कुठवर गेली ते तिला बोटांना कळलं नव्हतं. तार तुटली होती.

मी पिशवी टाकली आणि ओरडलो, "तुका कोणी सांगलेला हात लावूक? एक काम धड होणा नाय आता तुझ्याकडसून!"

ती म्हणाली, "उद्या गोव्याक जावचा आसा म्हणान..." आणि थांबली. मग हात पुढे करून, जणू स्वतःचे नव्हे तर दुसऱ्याच कुणाचे हात दाखवावेत तशी म्हणाली, "बोटांक कायच कळणा नाय हो."

इतके आठवडे हे मला दिसत होतं, पण तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा तरी मी खाली बसायला हवं होतं. मी बॉनेट आपटून बंद केलं. नवीन सेन्सर कोल्हापूरहून यायला आठवडा लागणार होता. रागाने मी मेकॅनिककडे गेलोच नाही, फक्त दुकानात फोन करून सेन्सर मागवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. तीन बस बदलून. येताना औषध अंगात भिनलेलं. तिला खिडकी मिळाली, पण बस तिच्यासाठी कुठे थांबणार? तिने दोन पिशव्या भरल्या, तिसरी उलटी माझ्या रुमालात. गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणीला बस थांबली तेव्हा ती उतरली आणि भर उन्हात रस्त्याकडेच्या दगडावर बसली. डोक्यावरचा रुमाल घसरून विरळ झालेले केस उघडे पडले होते. बोटांना कळत नसल्याने तिला गाठ मारता येईना. मी मारली. कंडक्टर दारातून हाका मारत होता. ती म्हणाली, "जरा बसूक देवा." मी तिला काखेत धरून उठवलं.

आठवड्याने सेन्सर आला. तो बसवताना मेकॅनिक म्हणाला, "माका आधी विचारूक नाय? ह्याचो प्लग काढून ठेवलंस असतंस तरी गाडी चलली असती रे. पेट्रोल जास्त खाल्ल्यान असता, पण गोव्याक जावन इली असती."

एवढं सोपं होतं. एक प्लग ओढून काढायचा. तो मलाही जमला असता.

मी तिला हे सांगितलं नाही. औषधाच्या खेपा संपल्या, पावसाळा गेला, आणि दिवाळीच्या आधी आजार हाडांत उतरल्याचं कळलं. नंतर गोव्याला जायचं कारणच उरलं नाही. ती पडवीतल्या खाटेवर झोपून असायची. गाडी अंगणात होती, ती तिकडे पाठ करून झोपायची. एका दुपारी मला राहवलं नाही. खाटेशी बसून मी सगळं सांगितलं: प्लग, मेकॅनिक काय म्हणाला ते, आणि मी रागाने त्याच्याकडे गेलो नव्हतो तेही.

ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "ह्या आता कित्याक सांगलात? तुमका हलक्या वाटूक होया म्हणान?"

मी खाटेखालचा तांब्या उचलून भरून आणला. थोड्या वेळाने तिने पेज मागितली. मी चमच्याने भरवली, तिने अर्धी खाल्ली. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्या दुपारनंतर सतराव्या दिवशी सकाळी ती गेली.

गाडी मी आणखी दोन वर्षं चालवली. महिन्यातल्या एका रविवारी कट्ट्याला नेऊन मेकॅनिककडून सेन्सर साफ करून घ्यायचो आणि तो काम करत असेपर्यंत रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचो. शेवटी ती गाडी त्यालाच दिली. आता मी दुसऱ्याच्या होडीवर जातो. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर 'होय' असं होतं. तेवढं तरी मी तिला सांगायला हवं होतं.