झुनकी कोण?

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत चघळायला वाचले. भूत, भानामती, अंगात येणं... मास्तरकीत हयात गेली, असलं काही दिसलं की त्याचं कारण शोधायचं हीच सवय. तेव्हा मी इथे लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण वय झालंय, आणि ही गोष्ट माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट आहे, दुसरं युद्ध सुरू व्हायच्या थोडी अगोदरची. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लाइनीवर सालेकसा स्टेशन आहे. तिथून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात माझी बदली झाली. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. शेजारी पोवार शेतकऱ्याचं घर, मधे फक्त बोरीच्या काट्यांचं कुंपण. आम्ही दोघंच राहायचो, मी आणि माझी बायको सरू.

सरूला ऐकू येत नसे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, वर्ध्याला असताना, तिला मोठा ताप आला. ताप उतरला पण कान गेले. बोलायची मात्र ती स्वच्छ. आपण काय म्हणतो ते पाटीवर लिहून दाखवायचं, ती तोंडाने उत्तर द्यायची, असा आमचा संसार.

त्याच पाटीवर ती रोज सकाळी अंघोळ झाली की लिहायला बसे. आधी देवाचं नाव, पाटी भरेपर्यंत. मग पेन्सिल तशीच टेकवून डोळे मिटून थांबायची. कधी काही लिहायची, कधी नुसतीच बसून राहायची. लिहून झालं की ओल्या तळव्याने पुसायचं आणि तो तळवा डोळ्यांना लावायचा. मी एकदा विचारलं होतं, थांबतेस कशाला? म्हणाली, "नाव लिहिता लिहिता आत शांत होतं. मग कधी एखादी ओळ ऐकू येते. ती लिहायची आणि देवाला द्यायची." मी मनात म्हटलं, बाहेरचं बंद झालेल्या माणसाचा हा विरंगुळा आहे. करू दे.

शेजारच्या घरात त्या हिवाळ्यात सून बाळंत झाली. ती लांजीकडची, म्हणून अख्खं गाव तिला लांजीवाली म्हणे. खरं नाव सासूलाही उच्चारताना मी ऐकलं नव्हतं. मुलगी झाली, नीट झाली, पण ही बाई भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. बोलेना, रडेना, पोरीला अंगाशी घेईना. पोरीला कापसाच्या वातीने शेळीचं दूध पाजत होते, तेही तिला पचेना. वैद्य झाला, झाडफूकवाला झाला. सासू, तिला आम्ही काकी म्हणायचो, कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "गुरुजी, पोरगी सुकून राहिली जी. अन् हे तिच्याकडं पाहून बी नाही राहिली. काऊन असं करते, काही समजत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघायच्या तयारीत होतो तर सरू पाटी घेऊन माझ्यासमोर आली. पुसली नव्हती.

"अहो, हे काय लिहिलंय बघा. मला अर्थ लागत नाही."

देवाच्या नावांखाली दोन ओळी होत्या, तिच्याच अक्षरात...

*सोय जाय मोरी झुनकी, माय गयी से पानीला,*
*आता आवसे, दिवो लावसे, लेसे तोला मांडीपर...*

शाळेतली पोरं आपसात बोलत त्यावरून ही पोवारी बोली आहे एवढं मला कळलं. मी तिच्याकडे वळून चक्क तोंडाने विचारलं, "हे कुठं ऐकलंस?" मग माझं मलाच कसंसं झालं आणि पाटीच्या कोपऱ्यात लिहिलं.

"रोज ऐकते तिथंच," ती म्हणाली. "पण आज कुणीतरी गात होतं. शेजारी विचारा ना, त्यांच्यासारखं वाटतंय."

मला संकोच वाटत होता. घरात लेकरू आजारी, आणि मी काय पाटी घेऊन जायचं? पण सरू ऐकेना, माझ्या पुढेच निघाली. काकी अंगणात धान पाखडत होती. लांजीवाली दाराच्या आत, उजेडाकडे पाठ करून बसलेली. मी त्या दोन ओळी वाचल्या, मास्तर हजेरी घेतो तशा, अगदी कोरड्या.

काकीने सूप खाली ठेवलं. "हे तर आमचीच बोली आहे गुरुजी. निज म्हणते झुनकीले. माय पाण्याले गेली, आता येते, दिवा लावते, तुले मांडीवर घेते." मग विचार करून म्हणाली, "पर हे झुनकी कोन?"

"मी."

आतून आवाज आला. इतक्या दिवसांत पहिला.

लांजीवाली भिंतीला धरत दाराशी आली. "मायच म्हने मले झुनकी. मायच. बाकी कोनी नाही." आणि तिथंच चौकटीला टेकून तिने ते गाणं म्हणायला सुरुवात केली. मी वाचलेल्या दोन ओळी, आणि त्यापुढचं, पाटीवर नसलेलं. आवाज बसलेला होता, पण चाल पक्की होती. गाता गाता रडू लागली, आणि रडता रडता हात पुढे केले. काकीने पोरगी तिच्या हातात दिली.

मी सरूकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाठ करून तुळशीपुढे उभी होती. तिथून तिला त्या बाईचं तोंडही दिसत नव्हतं. आणि तिची बोटं मांडीवर ठेका धरत होती. बरोबर त्याच चालीवर. गाणं एका जागी अडखळलं तर बोटंही थांबली.

त्यानंतर मी माझ्या स्वभावाप्रमाणे शोध घेतला. सरू या मुलखात आली ती कान गेल्यानंतर. पोवारी तिने कधी ऐकलेलीच नाही. लांजीवालीची आई ती लहान असताना वारली, ती मामाकडे वाढली. तिच्या नवऱ्यालाही हे नाव ठाऊक नव्हतं. बारशाला मामा आला तेव्हा मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "झुनकी... हो जी. माझी बहीण म्हने. मी बी भुललो होतो." कुठून तरी सरूने वाचलं असेल म्हणावं, तर ते लिहिलेलं कुठं होतं?

पोरगी जगली, चांगली धष्टपुष्ट झाली. सरूचं लिहिणं तसंच चालू राहिलं, तसं पुन्हा काही आलं नाही आणि तिने त्याची वाटही पाहिली नाही.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी लांजीवाली लेकीला कडेवर घेऊन आली. बराच वेळ पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, बाईले एक विचारा न. माय कशी होती? बरी होती का?"

मी पाटीवर लिहिलं. सरूने वाचलं. मग तिने लांजीवालीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला दिसलं काही नाही गं. आवाज तेवढा ऐकला. पण हसत हसत गात होती."

लांजीवाली मान हलवत राहिली. पोरीने आईच्या नाकातल्या फुलीला हात घातला, तेव्हा कुठं ती भानावर आली.

सरूने खरंच तसं ऐकलं होतं, की त्या बाईला बरं वाटावं म्हणून म्हणाली? बैलगाडीत स्टेशनापर्यंत पाटी माझ्या मांडीवर होती, पेन्सिल हातात होती. बाकी सगळ्याची चौकशी करणारा मी, तेवढं एक मी तिला विचारलं नाही. आता ती नाही, आणि मला अजूनही यातलं काहीच उलगडलेलं नाही.