फॉर्मला मामा नसतो
अख्खी भिवंडी तोंडावरून ओळखणारा, आणि तेही आतून, माणूस मी एकच पाहिला: आमच्या हिचे मामा. दोन हजार चारच्या सुमारास ते तोंडाच्या कॅन्सरच्या सरकारी पाहणीसाठी घरोघर फिरत. हातात फॉर्म, खिशात टॉर्च. माणसाचं नाव विसरत, दाढ विसरत नसत. एका लग्नात आहेराचं पाकीट देता देता त्यांनी नवरदेवालाच आ करायला लावलं. यंत्रमागावरचा कारागीर म्हणाला, "चाचा, लूम बंद नहीं होगा," तर त्याच्यामागे चार मागांच्या फेऱ्या मारत तोंड तपासून आले. पाहणीची घरं चिठ्ठ्या टाकून ठरत; चिठ्ठीत निघालं तेच घर. कुलूप असेल तर पुन्हा जायचं, पण शेजारचं चालायचं नाही. "हौशीनं तोंड दाखवनारे मोजून गावाचा आजार कळत न्हाय," म्हणायचे.

आणि एकदा चिठ्ठीत आमचंच घर निघालं. मामा परक्यासारखे खुर्चीच्या कडेला टेकले. ड्युटीवर म्हणून चहा नाकारला आणि सख्ख्या भाचीला विचारलं, "बाई, आपलं नाव?"

"मामा, माझ्या बारशाचे पेढे तूच वाटलेस ना!"

"फॉर्मला मामा नसतो. नाव बोल."

मग माझी पाळी. तंबाखू? "छे!" मी असा दचकलो, जणू पुडी कधी पाहिलीच नाही. वीस वर्षांच्या संसारात बायकोपासून एवढी एकच गोष्ट मला नीट लपवता आली होती. मामांनी 'नाही' लिहिलं. "आता आ करा, जावईबापू."

टॉर्च डाव्या गालाशी थांबला, तो हलेचना. मग मामा म्हणाले, "बाय, टाक तुझा चहा." ती आत गेल्यावर हळूच, "पांढरा चट्टा हाय. किती वर्सं खाता?"

"वीस."

त्यांनी 'नाही'वर काट मारून सही केली. "कागदाला खोटं चालत न्हाय. तिला तुम्हीच सांगा. उद्या सकाळी दवाखाना. मी येतो."

मी आत जाऊन तिला सांगून टाकलं; चहाला उकळी फुटायच्या आत माझी अब्रू गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. तंबाखू सोडा, आणि दर सहा महिन्यांनी दाखवा. सोडली. सोडताना घरादाराला सळो की पळो केलं, ते वेगळं. चट्टा हळूहळू मिटला.

पाहणी केव्हाच संपली. मामा आता भिवंडीजवळच पूर्ण्याला घरीच असतात, नजर गेलीय. डॉक्टरांना दाखवून झालं की मी त्यांच्यासमोर जाऊन बसतो. ते हनुवटी धरून बराच वेळ आत बघतात. त्यांना माझं नाकसुद्धा दिसत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. "बरं हाय," ते म्हणतात. आणि डॉक्टरांच्या शब्दानंतरही अर्धवट लटकलेला माझा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडतो.