वनिताकाकूंची रविवारची गाडी

वनिताकाकू लॅपटॉपला कान लावायच्या. शहापूरच्या बाजारातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा नमस्कार नाही की चमत्कार नाही, भाजीच्या पिशवीतून जुन्या साडीत गुंडाळलेला लॅपटॉप काढला, चालू केला, पंख्याशी कान नेला आणि म्हणाल्या, "बघ, धाप लागल्ये याला. चढ चढत नाय."

काकू किन्हवलीच्या. नवरा ट्रक ड्रायव्हर. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पण काकूंना जगातलं प्रत्येक यंत्र ट्रकच वाटायचं. "याच्यात ग्राफिक कार्ड टाक," त्यांनी फर्मावलं. माझ्याकडे ते मागायला येतात ती गेमच्या नादी लागलेली पोरं. मी विचारलं, "कोणासाठी, काकू?"

"कोणासाठी म्हंजे? मी चालवते ना गाडी!"

खरंच चालवायच्या. मुलगा नितेश कॅनडाला जाताना आपला कॉलेजातला लॅपटॉप आईकडे ठेवून गेला आणि त्यावर ट्रक चालवायचा गेम शिकवून गेला. दर रविवारी सकाळी मायलेक इंटरनेटवरून आपापला ट्रक एकाच रस्त्याला घालायचे, फोन स्पीकरवर ठेवून. "व्हिडिओवर नुसता 'तू बोल, तू बोल' करतो नि गप बसतो. गाडी हातात आली का मंग सुटतो. बापावर गेलाय. ते पण घरात मुके, केबिनमधी पोपट." काकू हसल्या, पण मला कळलं. ही गाडी बंद पडली तर पोराचं बोलणं बंद.

उघडून पाहिलं, तर चित्र उमटवणारी चिप मदरबोर्डलाच डाख देऊन बसवलेली. ती बदलून दुसरी घालायची सोयच नाही.

"ट्रकचा इंजिन बदलतात, नि याचा नाय?"

"नाही हो काकू. नवीन घ्या. नितेशला सांगा."

"सांगितला तर बोलेल, आई, तुला त्रास होतो, राहू दे तो गेम. नाय. आमच्या ह्यांनी गाडीची रड कधी घरी सांगितली नाय."

मी चिडलोच. आता काय कपाळ फोडू? तरी धूळ झाडली, चिप गार ठेवणारी पेस्ट नवी लावली, रॅम वाढवली. गाडी अजून अडखळतच होती. मग गेममधलं एकेक काढत सुटलो. सावल्या काढल्या. ढग काढले. "पाऊस?" "काढ, रस्ता कोरडा होईल." झाडांपाशी आल्यावर माझा हात थांबला. "उजाड दिसेल हो काकू."

"काढ रे बिनधास्त! मी काय सरपण आणायला चालल्ये? पोराची गाडी दिसली म्हंजे झाला."

गाडी पळाली. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी काकू पिशवीत काकड्या नाहीतर वाल घेऊन पंखा साफ करायला यायच्या. एका रविवारी किन्हवलीत लाइट नव्हती म्हणून दुकानातच बसून चालवली. प्रत्येक वळणावर हॉर्न. घाटमाथ्यावर बाजूला घेऊन थांबल्या. मला म्हणाल्या, "मागची गाडी दिसल्याबिगर पुढच्यानं घाट उतरू नये. आमचे हे सांगायचे." तेवढ्यात फोनवरून नितेश ओरडला, "आई, उजवीकडे बघ, काय झाडी आहे! आपल्या माळशेजसारखी!"

काकूंच्या पडद्यावर उजवीकडे नुसता करडा पट्टा होता. "हां रे बाळा, हिरवागार!" म्हणाल्या आणि मला डोळा घातला. कमाल बाई!

गेल्या हिवाळ्यात, म्हशाची जत्रा तोंडावर आली असताना, काकू झोपेतच गेल्या. तेरावं झाल्यावर नितेश तो लॅपटॉप घेऊन दुकानात आला, त्याच साडीत गुंडाळलेला. "आईबरोबर एकदा निघायचंय," म्हणाला. त्याने शेजारी आपला भारी लॅपटॉप उघडला. त्यावर डोंगर, ऊन, गर्द रान, आणि काकूंच्या पडद्यावर उजाड माळ.

"हिचं ग्राफिक बिघडलंय का?"

मग मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तर सांगायची, पळस फुललाय बघ."

काकूंचा ट्रक शेवटच्या रविवारी घाटमाथ्यावर बाजूला घेतलेला, तसाच उभा होता. नितेशने आपला ट्रक हळूहळू मागून वर आणला. काकूंच्या आरशात आधी दोन दिवे आले, मग लाल बोनेट, मग काचेवर लिहिलेलं वडिलांचं नावसुद्धा स्वच्छ दिसलं. बाकी आरशात काहीच नव्हतं. नितेश त्याकडे बघत राहिला आणि माझ्या काउंटरवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.